निदान रेषा

रविवारची संध्याकाळ होती. वसईतल्या आमच्या सांडोर गावात मातीवर फक्कीने मैदान आखलं होतं, बांबूंना दिवे बांधले होते. बाकांवर चर्चमधली मिस्सा आटोपून आलेली वडीलधारी मंडळी बसली होती आणि त्यांच्या पुढ्यात जमिनीवर पोरं. एक सडपातळ मुलगा चढाईला गेला. दम घुमवत मध्यरेषेपुढे सरकला, उजवीकडे झुकला, डावीकडे हात फेकला, दोन पावलं नाचवली आणि सुखरूप परत आला. त्याच्या बाजूची मुलं टाळ्या वाजवणार एवढ्यात पंचांची शिट्टी झाली. गडी बाद. त्याने कुणाला स्पर्श केला नव्हता आणि निदान रेषाही ओलांडली नव्हती.

माझ्या शेजारी बसलेले एक काका नातवाला समजावत होते, "नुसता जाऊन आला. आत गेलाच नाय."

कबड्डीचा हा नियम मला लहानपणापासून आवडतो. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते. चढाई करणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याला स्पर्श करावा, नाहीतर निदान ही रेषा तरी ओलांडावी. ओलांडतानाही एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा हवेत हवा. दोन्हीकडे पाय ठेवून भागत नाही. मराठीत 'निदान' म्हणजे किमान आणि 'निदान' म्हणजे रोगाची ओळखही. या एका शब्दात एका माणसाचं सगळं आयुष्य बसतं, असं मला गेली काही वर्षं वाटत आलं आहे.

या लेखासाठी संपादकांनी विषय दिला तो 'खेळाडूचं पुढचं आयुष्य'. कॉलेजात मैदान गाजवलेला मुलगा पुढे डॉक्टर होतो आणि मग दवाखान्यातून उठून लोकांच्या कामाला लागतो. असा माणूस म्हटल्यावर मला दुसरं नाव सुचलं नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर. त्यांच्या वाटेने सातारा, मिरज, पुणे असं फिरून आलो आणि परतताना त्यांचं काम आमच्या सांडोरच्या वाड्यांतही दिसू लागलं.

साताऱ्याची माती

साताऱ्यात कुठेही उभं राहा, मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो. गडाच्या पायथ्याला पसरलेल्या या गावात मैदानी खेळांचं वेड जुनं. १ नोव्हेंबर १९४५ रोजी अच्युतराव आणि ताराबाई दाभोलकरांच्या घरी नरेंद्र जन्मले, दहा भावंडांत सर्वांत धाकटे. थोरले बंधू देवदत्त दाभोलकर पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. घरात पुस्तकं, समाजवादी विचार, गांधीजी, साने गुरुजी. बाहेर हुतूतूचं, म्हणजे कबड्डीचं, मैदान. धाकट्या मुलाने दोन्ही घेतलं.

शाळा साताऱ्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, मग सांगलीचं विलिंग्डन कॉलेज आणि त्यानंतर मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे मिशनचं रुग्णालय उभारलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे रुग्ण या गावाकडे येत आले. शासकीय महाविद्यालय १९६२ सालचं, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षीचं. म्हणजे दाभोलकर शिकत होते तेव्हा दोन्ही संस्था कोवळ्या होत्या आणि विद्यापीठाच्या संघांना आपलं नाव अजून कमवायचं होतं. दाभोलकर शिवाजी विद्यापीठाच्या कबड्डी संघाचे कर्णधार झाले. पुढे बांगलादेशाविरुद्ध ते भारताकडून खेळले. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार त्यांना कबड्डीसाठी मिळाला. कबड्डीवर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

वैद्यकीय शिक्षण आणि कबड्डी यांची सांगड घालणं किती अवघड, ते दोन्हीकडचं वेळापत्रक माहीत असलेल्यालाच कळेल. सकाळी वॉर्डात फेरी, दुपारी शवविच्छेदनाचा वर्ग, संध्याकाळी गुडघे सोलवटणारी माती. त्या काळी मॅट नव्हती. पडलं की कातडी जायची, त्यावर हळद किंवा आयोडीन लावून पुन्हा आत.

आणि सगळ्यात अवघड तो दम. चढाईला जाणारा एकटा असतो, समोर सात जण. एका श्वासात शब्द तुटू न देता त्याला जायचं, करायचं ते करायचं आणि परत यायचं. आता चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे, घड्याळ ते बघतं. पूर्वी पंचांचा कान हेच घड्याळ. दम तुटला की माणूस बाद, मग तो कितीही चपळ असो. या खेळात ताकदीइतकीच किंमत आवाज न तुटण्याला आहे. पुढे वर्षानुवर्षं सभांमधून, शाळांमधून, न्यायालयांच्या पायऱ्यांवरून एकच मुद्दा आवाज न चढवता सांगत राहिलेल्या माणसाने हा दम कुठे कमावला असेल, याचं उत्तर मला साताऱ्याच्या आणि मिरजेच्या मातीत दिसतं.

दवाखान्याचं दार उघडून

पदवी घेऊन दाभोलकरांनी साताऱ्यात दवाखाना थाटला. पत्नी डॉ. शैला. जवळपास बारा वर्षं ते व्यवसायात होते. जम बसला होता. तो सोडून त्यांनी पूर्ण वेळ सामाजिक काम पत्करलं.

पण एका दिवसात दवाखाना बंद करून ते बाहेर पडले, असं घडलं नाही. समाजसेवक बाबा आढावांच्या 'एक गाव एक पाणवठा' चळवळीत ते आधीपासून होते. गावातल्या दलितांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू द्या, इतकी साधी मागणी घेऊन ही माणसं गावोगाव जात. त्याच सुमाराला मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. आपल्या मुलाचं नाव त्यांनी हमीद ठेवलं. मुलगा पुढे मनोविकारतज्ज्ञ झाला.

१९८९ साली त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. समितीने सुरुवातीपासून आपली चौकट सांगितली : शोषण आणि फसवणूक करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक चिकित्सा आणि व्यापक समाजपरिवर्तन. देव मानू नका असं सांगणं हे या चौकटीत नव्हतं. लोकांच्या श्रद्धेला हात न लावता त्या श्रद्धेच्या नावाने कुणाच्या खिशाला, शरीराला आणि अब्रूला हात घातला जातो, हे दाखवायचं होतं. डॉक्टर रोग्यावर चिडत नाही, तो रोगाशी भांडतो. दाभोलकरांची भाषा शेवटपर्यंत ही राहिली.

कार्यकर्त्यांची चूल पेटली पाहिजे, हेही त्यांनी ओळखलं होतं. सामाजिक कृतज्ञता निधीच्या उभारणीत ते पुढे होते. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशा कलावंतांनी या निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले. त्यातून जमलेल्या रकमेच्या व्याजातून पूर्ण वेळ काम करणाऱ्यांना मानधन मिळू लागलं. कर्णधाराला आपल्याबरोबरच्या सहा जणांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं बघावं लागतं. ती सवय इथे कामाला आली.

साताऱ्यात 'परिवर्तन' संस्थेचं व्यसनमुक्तीचं काम उभं राहिलं, त्यातही त्यांचा पुढाकार होता. दारू सुटत नाही तो माणूस वाईट, असं गाव म्हणतं. तो आजारी आहे, असं डॉक्टर म्हणतो. एकदा हे मान्य झालं की पुढचं सगळं बदलतं. पहिले काही दिवस शरीर थरथरतं, झोप उडते, तेव्हा औषधं लागतात. मग बोलणं, गटात बसणं, बायकोमुलांना समजावणं. घरी गेल्यावर घसरला तर त्याला न हिणवता परत बोलावणं. हे काम फार सावकाश होतं. त्याचे फोटो येत नाहीत.

भानामतीच्या घरात

समितीचं काम जवळून कळतं ते भानामतीच्या तक्रारीतून. एखाद्या घरात अचानक कपडे पेटू लागतात, भांडी पडतात, जेवणात शेण निघतं, अंगावर फुल्या उठतात. घरचे हादरतात. शेजारी मांत्रिकाचं नाव सुचवतात. मांत्रिक करणी करणाऱ्याचं नाव घेतो आणि ते बहुधा भावकीतलं किंवा शेजारच्या एकट्या बाईचं असतं. तिथून मारहाण सुरू होते.

कार्यकर्ते अशा घरी जातात तेव्हा आधी फक्त ऐकतात. कधी सुरू झालं, घरात कोण कोण असतं, कुणाच्या समोर घडतं, कोण नसताना घडत नाही. घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलतात. बहुतेक वेळा या प्रकारांमागे घरातलीच एखादी व्यक्ती निघते. जिचं कुणी ऐकत नाही अशी सून, जिला शाळेतून काढलं आहे अशी मुलगी, घुसमटलेला एखादा पोरगा. मनावरचा ताण असह्य होतो आणि तो असा बाहेर पडतो. त्या व्यक्तीचं नाव चारचौघांत सांगायचं नाही, हा समितीचा शिरस्ता आहे. तिला विश्वासात घेतात, गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे नेतात, आणि प्रकार थांबतात.

हे निदान आहे. रुग्णाचा इतिहास घ्या, लक्षणांचा क्रम लावा, कारणापर्यंत पोचा, इलाज करा, गुपित राखा. मिरजेच्या वॉर्डात शिकलेली रीत दाभोलकरांनी शिक्षक, गिरणी कामगार, शेतकरी, गृहिणी अशा साध्या कार्यकर्त्यांच्या हाती दिली. मला त्यांचं हे देणं सर्वांत मोठं वाटतं.

समितीच्या शाळांमधल्या प्रयोगांचंही तसंच. एका वर्गात मी असा एक प्रयोग शेवटच्या बाकावरून पाहिला. कार्यकर्त्या बाईंनी टेबलावर सोललेल्या नारळाची शेंडी मोकळी केली. त्यात आधीच जांभळट काळी पूड पसरलेली होती, ती मुलांना दिसली नाही. मग मंत्र पुटपुटत वाटीतलं 'तूप' पळीने हळूहळू सोडलं. काही क्षण काहीच झालं नाही. मग धुराची एक बारीक रेघ उठली आणि भपकन ज्वाळा. मुलं ओरडली. बाईंनी लगेच उलगडा केला : पूड पोटॅशियम परमँगनेटची, तूप म्हणजे ग्लिसरीन. दोन्ही एकत्र आली की उष्णता निर्माण होते आणि काडी न ओढता पेट घेते. मंत्र म्हणायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ ग्लिसरीनला जिरायला हवा असतो. एका मुलीने विचारलं, "मग मंत्र चुकला तरी पेटेल?" बाई म्हणाल्या, "तू करून बघ." तिने केलं. मंत्राऐवजी सातचा पाढा म्हटला. पेटलं.

चमत्कार सिद्ध करणाऱ्याला समितीने २१ लाख रुपयांचं आव्हान दिलेलं आहे. ते गाजतं. पण त्या मुलीने सातच्या पाढ्यावर नारळ पेटवला, तेव्हा वर्गात जे घडलं ते त्या रकमेत मोजता येणार नाही.

बावखलाच्या काठी

नारळाच्या त्या मंत्रावरून, सांडोरला परतल्यावर, मला साप आठवले. आमच्याकडे केळीच्या बागा, भाजीचे वाफे, पानवेली आणि त्यांना पाणी पुरवणारी बावखलं, म्हणजे छोटी तळी. बावखलाच्या काठी बेडूक, बेडकामागे साप. पहाटे पाणी लावायला जाणाऱ्याने पायाखाली बघून चालावं हे घराघरांत शिकवलं जातं. तरी दंश होतो.

मांत्रिकाने साप उतरवला, अशा गोष्टी वसईत काय, कोकणात काय, भरपूर ऐकू येतात. त्या खोट्या नसतात, म्हणूनच घातक असतात. आपल्याकडच्या बहुतेक सापांना विष नसतं. विषारी साप म्हणजे मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आणि तेही प्रत्येक दंशात विष सोडतातच असं नाही. म्हणजे दंश झालेल्या कित्येकांना काहीच होणार नसतं. ते मांत्रिकाकडे गेले तरी बरे होतात, घरी झोपून राहिले तरी बरे होतात. मांत्रिकाच्या खात्यात यश जमत जातं. मग एके रात्री मण्यार चावते. ती झोपलेल्या माणसाला चावते, दुखत फारसं नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पापण्या जड होतात, जीभ लटपटते, श्वास मंदावतो. तोवर दोन तास मंत्रात गेलेले असतात. हाच काळ प्रतिविषाचा असतो.

दंशावर चीर द्यायची नाही, करकचून दोरी बांधायची नाही, माणसाला पळवायचं नाही. हातपाय हलू न देता थेट दवाखाना गाठायचा. सांडोरकरांना बंगलीचं कार्डिनल ग्रेशस रुग्णालय जवळ आहे. पण पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात असं जवळपण सगळ्यांच्या वाट्याला आलेलं नाही, आणि मांत्रिक मात्र प्रत्येक पाड्याजवळ आहे. त्याला शिव्या देऊन भागत नाही. काही ठिकाणी भगतालाच पटवून, 'आधी दवाखान्यात ने, मग तुझं काय ते कर' असं सांगून रुग्ण वाचवावे लागतात.

महाराष्ट्राच्या कायद्यात हे आलेलं आहे. नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना आळा घालणारा २०१३चा अधिनियम. त्याच्या अनुसूचीत १२ बाबी आहेत. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला औषधोपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यातला एक गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५ हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत. पूजा, वारी, कीर्तन, नवस यांना या कायद्याने हात लावलेला नाही, तसं त्यातच लिहिलेलं आहे. कायद्याचा मसुदा मात्र २००३ पासून सभागृहांत अडकत राहिला होता. दाभोलकर दर अधिवेशनाला आमदारांना भेटत, शंका ऐकत, कलमं समजावत, आणि पुढच्या अधिवेशनाला पुन्हा जात.

पुलावर

पुण्यात ओंकारेश्वराजवळचा महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल सकाळी सातला फिरायला निघालेल्यांनी भरलेला असतो. खाली मुठा. जवळच शनिवार पेठेत 'साधना'चं कार्यालय. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या या साप्ताहिकाचे दाभोलकर १९९८ पासून संपादक होते आणि त्या कामासाठी साताऱ्याहून नेमाने येत. २० ऑगस्ट २०१३, मंगळवार. ते सकाळी फिरायला निघाले होते. मोटरसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

धमक्या येत होत्या. त्यांनी पोलीस संरक्षण घेतलं नाही. संविधानाच्या चौकटीत राहून बोलणाऱ्याला बंदुकीच्या पहाऱ्यात बोलावं लागू नये, अशी त्यांची धारणा होती. चढाईला जाणारा कुणाला बरोबर नेत नाही.

खुनानंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. दहा वर्षांची मागणी चार दिवसांत मान्य झाली, पण कुठल्या किमतीला! २०१४ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. कार्यकर्ते कित्येक वर्षं दर महिन्याच्या २० तारखेला या पुलावर जमत राहिले आणि 'जवाब दो' विचारत राहिले. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप सुनावली, तिघांची पुराव्याअभावी सुटका झाली.

मी पुलाच्या कठड्याशी बराच वेळ थांबलो. आमच्या लहानपणी हुतूतूत बाद झालेल्या गड्याला 'मेला' म्हणत आणि साथीदाराने गडी टिपला की तो 'जिवंत' होई. पुलावर उभं राहिल्यावर हे शब्द घशात अडकले. गेलेला माणूस येत नाही. पण त्याच्या मृत्यूनंतर समितीच्या शाखा बंद पडल्या नाहीत. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध त्यांनी अखेरच्या महिन्यांत उघडलेली मोहीम पुढे गेली आणि २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने मंजूर केला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावं म्हणून २००० साली त्यांनी सत्याग्रह केला होता, तो चौथरा २०१६च्या एप्रिलमध्ये स्त्रियांसाठी खुला झाला. या दोन्ही गोष्टी पाहायला ते नव्हते.

पुन्हा सांडोरला

पुढच्या रविवारी मी पुन्हा मैदानावर गेलो. सामन्याआधी दोन मुलं फक्कीचा डबा घेऊन रेषा आखत होती. कडेच्या रेषा अजून गेल्या आठवड्याच्याच शाबूत होत्या. मधल्या मात्र पुसून गेल्या होत्या, आणि सगळ्यांत जास्त पुसली होती ती निदान रेषा. तिच्यावरून सगळ्यांत जास्त पाय गेले होते.

त्या मुलांना मी दाभोलकरांबद्दल विचारलं. एकाने नाव ऐकलं होतं, 'गोळ्या घातलेले ते' एवढंच. ते तुमच्यासारखे कबड्डी खेळायचे, विद्यापीठाचे कर्णधार होते, भारताकडून खेळले, असं सांगितल्यावर दोघांनीही हातातलं काम थांबवलं. "डॉक्टर असून?" धाकट्याने विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरही आणि खेळाडूही. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग विचारलं, "कुठल्या बाजूने चढाई करायचे?"

हे मला सांगता आलं नाही. पण प्रश्न फार आवडला. आपल्या पोरांना दाभोलकर मृत्यूपासून सुरू करून सांगण्याऐवजी मैदानापासून सुरू करून सांगितले पाहिजेत, हे मला त्या क्षणी पक्कं कळलं. बलिदानाची गोष्ट ऐकून मुलगा मान खाली घालतो. चढाईची गोष्ट ऐकून तो पुढचं विचारतो.

पंच आले. गेल्या रविवारी बाद झालेला तो सडपातळ मुलगा दुसऱ्याच चढाईला उठला. दम घुमवत तो गेला, नव्याने आखलेल्या पांढऱ्या रेषेपाशी क्षणभर घुटमळला, मग डावा पाय पलीकडे टेकवला आणि उजवा उचलला. कोपऱ्यातल्या रक्षकाने झेप घेतली, दोघं मातीत पडले, मुलाचा हात मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर राहिला. बाद.

बाकावरचे काका मात्र टाळ्या वाजवत होते. "आज आत गेला," ते नातवाला म्हणाले.